बाप्तिस्म्याला कुंची चालेल का?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात नातीचा बाप्तिस्मा आहे, वांद्र्याला. जावई तिथल्याच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक, घरातले. कपडे आजोळचेच हवेत, असं विहीणबाईंनी आपणहून सांगितलंय, शिवाय त्यांच्या सासूबाईंचं चौकड्यांचं सुती लुगडंही देऊ केलंय. माझ्याकडे आईची पैठणी आहे. अंग विरलंय, काठ शाबूत. तिचा फ्रॉक शिवू का?
— डब्लिनची आजी

ताई,
फ्रॉक नको. बाप्तिस्म्याला वस्त्र पांढरं लागतं, आणि रेशमावर तेलाचा डाग पडला की गेलं. क्रम बघा: आधी छातीला तेल (हे काही वेळा वगळतात), मग डोक्यावर तीनदा पाणी, मग टाळूला सुगंधी तेल, आणि त्यानंतर पांढरं वस्त्र. म्हणजे पांढरी कुंची घालायला आयतीच वेळ! आत साधं मलमलचं झबलं, फक्त बंध मागे न घेता पुढे घ्या, छाती चटकन उघडता येते.

कुंचीचा डोक्याकडचा भाग निव्वळ मलमलचा ठेवा, तेल तिथेच लागणार. काठ खालच्या घेराला, बोटभरच. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा काठ उलट-सुलट सारखाच दिसतो. उलटीकडे सुटे धागे लोंबत असतील तर बाळाची बोटं अडकतात, मग अस्तर लावाच. कापलेल्या कडेला जरीची तार टोचते, ती कड दुमडून आत घ्या आणि हातानेच बारीक टाके घाला. त्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ चोळा. रंग उतरला तर तो काठ पांढऱ्यावर लावूच नका, कितीही जीव अडकला असला तरी.

मलमल मी मंगळदास मार्केटातून आणते. कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि काठ चुरमडतो.

लुगडं मात्र कुंचीत घुसवू नका. चौकडी, जर, मोर सगळं एकत्र आलं की बाळ दिसतच नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं दुपटं करा, त्यात गुंडाळून चर्चमध्ये न्या. दोन्ही घरं आली.
— दादरहून

फादरना आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी पांढरं वस्त्र चर्चच देतं, मग तुमची कुंची पिशवीतच राहायची!
— आणखी एक, वसईकर

फादरना विहीणबाई विचारतायत. दुपट्याला त्यांची ना नाही, फक्त पदर कापायचा नाही म्हणाल्या. कुंचीचं माप कसं घेऊ? नात इथे, शिंपीणबाई तिथे.
— डब्लिनची आजी

कपाळापासून टाळूवरून मानेच्या खळीपर्यंत एक माप, खांद्यापासून टाचेपर्यंत दुसरं. दोन्हींत दोन इंच वाढवून सांगा, डिसेंबरापर्यंत डोकंही वाढेल. गळ्याशी नाडी ओवून घ्या, सैल झाली तरी आवळता येते.
— दादरहून