जपानी पटाशीचं कडं: गोंद नको

नव्या नोमीचं (म्हणजे जपानी पटाशीचं) मुठीच्या टोकावरचं धातूचं कडं ठोकताना निसटतं म्हणून ते गोंदाने चिकटवा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. बऱ्याच नोमी दुकानातून येतात तेव्हा कडं मुठीवर नुसतं अडकवलेलं असतं, ते बसवायचं आपणच. आधी काढून त्याची आतली तीक्ष्ण कड कानशीने गोल करा, नाहीतर ती मुठीच्या ओक लाकडाचे तंतू कापत जाते. मग मुठीचं टोक हातोडीने फिरवत फिरवत चेपा आणि कडं खाली सरकवा. लाकूड दोनतीन मिलिमीटर वर उरलं पाहिजे, हे फार महत्त्वाचं! तेवढंच टोक पाण्यात भिजवून कडेकडेने बाहेर ठोकलं की तंतू छत्रीसारखे कड्यावर पसरतात. पुढे मूठ सुकून आकसली, तर पुन्हा हेच करायचं. गोंद लावलात तर तेव्हा कडं खाली सरकणारच नाही.