अनुभव धागा : कोकणातील घराचे नूतनीकरण आणि कामाचे वेळापत्रक

या धाग्यात घर सजवण्याचे नव्हे, तर घराचे काम वेळेत बसवण्याचे अनुभव अपेक्षित आहेत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर ज्यांनी जुने घर दुरुस्त केले, छप्पर बदलले, खोली वाढवली किंवा स्वयंपाकघर नव्याने बांधून घेतले, त्यांनी काम केव्हा सुरू केले, कोणत्या क्रमाने नेले आणि ते कशामुळे अडले, हे सविस्तर लिहावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात पुण्या-नाशकाकडचे आराखडे तसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून हा वेगळा धागा. ठेकेदारांची आणि दुकानांची नावे कृपया लिहू नयेत.

गुहागर तालुका : कौलारू घराचे छप्पर

आमचे घर साधे चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि दोन्ही बाजूंना पडवी. बरेचसे वासे वाळवीने पोखरले होते आणि दरवर्षीच्या शाकारणीने, म्हणजे कौले काढून पुन्हा नीट बसवण्याने, आता भागणार नाही, हे सुताराने स्पष्ट सांगितले. मे महिन्यात सगळे भाऊ गावी असतानाच त्याला छपरावर चढवून, प्रत्येक वाशावर हातोडीने ठोकून आणि बदलायच्या वाशांवर खडूने फुली मारून यादी करून घेतली. पाऊस सुरू झाल्यावर ही पाहणी करता येत नाही आणि दिवाळीनंतर केली तर लाकडाला उशीर होतो.

लाकडाची मागणी गणपतीत दिली. चिरलेले लाकूड सावलीत थर लावून वाळू द्यावे लागते. ओला वासा कौलांच्या वजनाखाली झुकतो आणि मग पुढच्या पावसात कौलांच्या रांगा उघड्या पडतात. अवसेच्या सुमारास तोडलेल्या झाडाला कीड कमी लागते, असे आमच्या सुतारकाकांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे हा वेगळा विषय, परंतु त्यामुळे तोडणीची तारीख मात्र पक्की झाली.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, त्यामुळे त्या दिवशी अंगण आणि ओटी मोकळी असणे भाग असते. म्हणून छपराचे पुढचे पाखे (उतरती बाजू) शिमग्याआधी आणि मागचे पाखे शिमग्यानंतर, अशी कामाची सरळ विभागणी केली. मात्र शिमगा तिथीवर चालतो आणि पाऊस तारखेवर. 2024 साली होळी 24 मार्चला होती, तर 2025 साली 13 मार्चला. शिमग्यानंतर हाती राहणारे दिवस दरवर्षी सारखे नसतात, म्हणून कोणत्या पाख्यावर किती काम ठेवायचे हे पंचांग पाहूनच ठरवावे.

कौलांबद्दल एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. जुन्या मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो आणि दोन वेगळ्या ठशांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत घट्ट बसतीलच असे नाही. आम्ही कौले उतरवतानाच ठशांप्रमाणे वेगळी रचली, तडा गेलेली बाजूला काढली, शेवाळ घासून काढले आणि सगळी जुनी कौले मागच्या पाख्यावर, तर सगळी नवी पुढच्या पाख्यावर घातली. गडी कौले उतरवण्याचा आणि चढवण्याचा वेळ सांगतात. निवडण्याचा आणि घासण्याचा वेळ कोणी सांगत नाही, आणि तोच सर्वांत जास्त लागतो.

मालवण तालुका : जुन्या घराला जोडून स्लॅबची खोली

येथे वेळापत्रक ठरवते ते विहिरीचे पाणी. घर समुद्रापासून जवळ असल्यामुळे आमच्या विहिरीचे पाणी मार्च संपता संपता मचूळ होऊ लागते. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असावे, असे भारतीय मानक 456 सांगते. खारट पाण्याने कालवलेला स्लॅब आतून गंजत जातो आणि काही वर्षांनी त्याचे पोपडे पडतात, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगावे लागू नये. त्यामुळे स्लॅब जानेवारीत पडलाच पाहिजे, ही आमची पहिली अट होती. बाकी सगळ्या तारखा या एका तारखेवरून मागे आणि पुढे मोजल्या.

मागे मोजताना चिरा आला. चिरेखाणी पावसात पाण्याने भरलेल्या असतात आणि पाणी उपसून नवा चिरा निघेपर्यंत दिवाळी उलटते. ताजा चिरा मऊ असतो, हवा लागल्यावर तो कडक होतो, म्हणून आणल्या आणल्या भिंतीत न चढवता तो काही काळ अंगणात रचून ठेवणे बरे. पुढे मोजताना टेकूंचा हिशेब आला. त्याच मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात किमान सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्यात किमान चौदा दिवसांनी काढता येतात. राखमिश्रित सिमेंट वापरले, तर पाणी मारण्याचे दिवसही वाढवावे लागतात. आमच्या गवंड्याला टेकू दुसरीकडे न्यायची घाई होती. ही मुदत कराराच्या कागदावर आधीच लिहिलेली असल्यामुळे वाद झाला नाही.

त्यात आमच्या भागात जत्रांचा हंगाम येतो. कार्तिकापासून गावोगावी जत्रा आणि दशावतारी नाटके सुरू होतात, रात्रभर नाटक पाहिलेला कामगार सकाळी येत नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये. आंगणेवाडीची जत्रा तर तिथीने ठरत नाही. देवीचा कौल घेऊन दिवस जाहीर होतो. त्यामुळे तारीख कळली की ते दिवस कोरे ठेवावेत आणि सामान उतरवून घेण्यासारखी कामेही त्या दिवसांत टाकू नयेत.

रत्नागिरी शहर : सदनिकेतील न्हाणीघर

आमचे काम लहान, तिसऱ्या मजल्यावरचे आणि पूर्ण छपराखालचे असल्यामुळे आम्ही ते मुद्दाम पावसाळ्यात काढले. त्या काळात चांगला फरशीवाला सहज मिळतो. जलरोधक थर दिल्यावर न्हाणीघरात पाणी साठवून ठेवायचे, खालच्या घरातील छत पाहायचे आणि मगच फरशी बसवायची, असे ठरले होते. खालच्या काकूंना आधी विचारून त्यांच्या सोयीचा दिवस धरला. रंग मात्र दिवाळीपर्यंत पुढे ढकलला, कारण नवे प्लास्टर कोरड्या ऋतूतही महिनाभर वाळू द्यावे लागते आणि आषाढ-श्रावणात ते वाळतच नाही.

श्रीवर्धन तालुका : निसर्ग वादळानंतर

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नियोजन हा शब्दच उरला नव्हता. टाळेबंदी चालू, वीज गेलेली, रस्त्यावर माड आडवे पडलेले, आणि पंचक्रोशीतील प्रत्येक घराला एकाच दिवशी कौले, पत्रे आणि सुतार हवे होते. दिवस पावसाळ्याचेच होते. त्या स्थितीत आमच्या वडिलांनी घेतलेला निर्णय मला आजही योग्य वाटतो. मिळेल त्या भावाने पत्रे घेऊन घाईघाईत संपूर्ण छप्पर उभे करण्याऐवजी त्यांनी माजघर आणि स्वयंपाकघर एवढाच भाग ताडपत्रीने आणि शिल्लक कौलांनी बंद केला, देव माजघरात हलवले, पडवीच्या उघड्या बाजूंना माडाच्या झावळ्यांची झापे बांधली आणि बाकीचे घर त्या पावसाळ्यापुरते सोडून दिले. पंचनाम्यासाठी छायाचित्रे मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवली. पक्के काम दिवाळीनंतर झाले.

त्या कामात एक बदल केला. पत्र्याचे स्क्रू आणि वॉशर आम्ही महाग पडले तरी गंज न धरणारे घेतले, कारण खाऱ्या वाऱ्यात पत्र्याच्या आधी स्क्रूचे डोके जाते आणि पुढच्या वादळात पत्रा तेथूनच उचलला जातो.

देवगड तालुका : थोडा वेगळा मुद्दा

वरच्या मालवणच्या अनुभवात मार्चनंतरच्या कामगारांचा उल्लेख नाही, तो करतो. आमच्याकडे आंब्याची काढणी सुरू झाली की घरकामाला माणूस मिळत नाही, आणि आम्ही बागायतदार असल्यामुळे स्वतःच्याच बागेतला गडी घरच्या कामाला लावणे आम्हालाही परवडत नाही. शिवाय मे महिना आपला धरणे आता धोक्याचे झाले आहे. 2021 साली मे महिन्याच्या मध्यावरच तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि 2025 साली तर 25 मे रोजीच मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचला. सात जूनचा मृगाचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून आखलेली कामे त्या वर्षी अनेकांच्या घरांत उघडी राहिली. माझ्या मते उघड्यावरची सगळी कामे अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवावीत आणि मे महिना फक्त अडगळ, राडारोडा आणि राहून गेलेल्या बारीकसारीक कामांसाठी ठेवावा.

पावसाळ्यात घरात बसून होणारी कामे करून घ्यावीत, हे रत्नागिरीच्या सदस्यांचे म्हणणे मला पटते. वायरिंगसाठी भिंती खणणे, पाण्याचे नळ बदलून दाब तपासणे, ही कामे आम्ही श्रावणातच केली. दारे-खिडक्या मात्र त्या दिवसांत बसवू नयेत. पावसात लाकूड फुगलेले असते, तेव्हा चौकटीत नेमके बसलेले दार उन्हाळ्यात खुळखुळते. उलट एप्रिलमध्ये घट्ट बसवलेले दार जुलैत उघडत नाही. आमचा सुतार दिवाळीनंतर दार बसवतो आणि फटीत एक जुने नाणे उभे फिरते का, ते पाहतो.

वेंगुर्ले तालुका : सामायिक घर

आमचे घर पाच वाटणीदारांचे आहे, त्यामुळे बांधकामाच्या आराखड्याला लागला नाही इतका वेळ संमतीला लागला. मे महिन्यात सगळे एकत्र येतात, तेव्हा फक्त काय करायचे एवढे ठरवले. गणपतीत पुन्हा सगळे जमले, तेव्हा कोण किती देणार ते लिहून सह्या घेतल्या. ग्रामपंचायतीची परवानगी त्यानंतर मागितली, कारण घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव एका काकांचे आणि वहिवाट सर्वांची होती. काम दिवाळीनंतर लागले. एकच अट सगळ्यांनी न बोलता मान्य केली होती, ती म्हणजे गणपतीच्या खोलीची भिंत आणि माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांनी सजवलेली चौकट) बांधायचे आढे यांना पुढच्या चतुर्थीपर्यंत कोणतीही कसर राहता कामा नये. त्यामुळे त्या खोलीचे काम सर्वांत आधी घेतले. मोठ्या काकी गावीच राहत असल्यामुळे चूल आणि न्हाणीघर दोन्ही एकाच वेळी बंद करायचे नाही, हेही आधी ठरले होते. त्यासाठी मागील दारी तात्पुरता आडोसा उभारला. बांधकाम त्यामुळे लांबले, पण काकींना दुसऱ्याच्या घरी राहावे लागले नाही.

अलिबाग तालुका : मुंबईत राहून देखरेख

वरच्या सर्वांकडे घरात कोणीतरी होते, आमच्याकडे नव्हते. शनिवार-रविवारी जाऊन काम होत नाही, फक्त झालेले काम पाहता येते, म्हणून आम्ही पैशांचे हप्ते तारखांना न बांधता टप्प्यांना बांधले. पुढचा टप्पा मागचा झाकून टाकत असेल, तर झाकण्याआधी दूरध्वनीवर प्रत्यक्ष दाखवायचे, मगच हप्ता: वायरिंगच्या नळ्या प्लास्टरआधी, पाण्याचे पाइप फरशीआधी, छपराच्या पाइपांचा गंजरोधक रंग पत्र्याआधी. सिमेंट एकदम मागवले नाही. येथील दमट हवेत गोण्या जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवल्या, तर खडे धरतात. छपराचा अखेरचा हप्ता जूनमध्ये पहिला वाऱ्याचा पाऊस पडून गेल्यावर देण्याचे करारातच होते. ठेकेदाराने सुरुवातीला कुरकुर केली, पण जूनमध्ये आढ्याजवळ एके ठिकाणी झड आत आली, तेव्हा निरोप जाताच दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस शिडी घेऊन हजर होता.