पीट पॉसलथ्वेट यांची वाटचाल

प्रश्न : ‘इन द नेम ऑफ द फादर’मधील वडिलांच्या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा ब्रिटिश अभिनेते पीट पॉसलथ्वेट पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्याआधी अभिनेता म्हणून ते कुठे घडले, हे कोणी सांगेल का?

प्रतिसाद : रंगभूमीवर. ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत शिकून ते लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये रुळले, आणि २००८ मध्ये किंग लिअर साकारण्यासाठी आवर्जून तिथेच परतले. मला ही ओढ फार मोलाची वाटते.

प्रतिसाद : त्यांचा ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) हा चित्रपट अवश्य पाहा. त्यांनी साकारलेला खाणकामगारांच्या बँडचा आजारी प्रमुख लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये जिंकलेला चषक नाकारतो, तेव्हा त्या वर आलेल्या गालफडांच्या, थकलेल्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार, आजच पाहतो.