जुन्या रॅलेच्या हँडलचं क्रोम वाचेल का?

आजोबांची रॅले सायकल आहे, हँडल आणि रिमवर गंजाचे बारीक ठिपके आलेत, सायकलवाला म्हणतो सरळ नवीन क्रोम मारून घ्या पण मला जुनंच ठेवायचंय, काय करू?

सायकलप्रेमी: नवीन नकोच! ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, ठिपके जातात, मग कोरडं पुसून वॅक्स लावा. क्रोमचा थर फार पातळ असतो हो, जोर लावू नका.

जुनं_लोखंड: फॉइल बरोबर, पण पापुद्रे सुटले असतील तर जुना थर काढून, पॉलिश करून, निकेल आणि वर क्रोम द्यावंच लागतं. ते घरी अजिबात नको, क्रोम चढवायच्या द्रावणात असणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम विषारी असतं. आणि सायकल १९२० च्या आसपासची असेल तर ते निकेलच असणार, किंचित पिवळसर दिसतं, त्यावर क्रोम चढवू नका प्लीज.