मदत हवी आहे: गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कोंबडीखताचा ढीग, पाऊस तोंडावर आलाय

ओढ्याकाठची:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबेल.

आमचं गाव कराड तालुक्यात. पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याकाठी, ४२ फूट खोल, तिथून टाकी आणि टाकीतून नळ. विहिरीची जागा नानांच्या (माझे चुलत सासरे) वडिलांनी बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीला दिली, त्यामुळे तिन्ही बाजूंना नानांचाच ऊस. जुलैत आडसाली (पावसाळ्यात लावायचा, दीडेक वर्षाचा ऊस) लावायची म्हणून त्यांनी चार ट्रॉल्या कोंबडीखत वरच्या बांधाला ओतलंय. विहिरीच्या कठड्यापासून मोजून तीस पावलं. गेली तीन वर्षं ढीग तिथंच पडतो. परवा वळवाची सर झाली, तेव्हा ढिगाच्या बुडातून कोऱ्या चहासारखं पाणी निघालं आणि सरीतनं येऊन कठड्याशी मुरलं. मी तिथंच उभी होते.

गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट शिकवलंय, त्यातली मी एक. नायट्रेटसाठी (खतातून पाण्यात उतरणारा क्षार) नळीत पूड टाकून हलवली की पाणी गुलाबी होतं, तो रंग तक्त्याशी जुळवायचा. एप्रिलमध्ये आमचा रंग ४५ च्या चौकोनाहून गडद आला. वाटलं माझंच काही चुकलं. परत केलं, तसाच. मग जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवली. अहवालात ६८ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि मर्यादा ४५.

जावेचं बाळ तीन महिन्यांचं आहे. तिला दूध कमी येतं, म्हणून वरची पावडर याच पाण्यात कालवतो, पाणी चांगलं खळखळ उकळून. अहवाल आल्यापासून माझी झोप उडाली आहे.

ग्रामपंचायतीत सांगितलं तर "टीसीएल (ब्लिचिंग पावडर) वाढवतो" म्हणाले. नाना म्हणाले, "अगं, माझ्या बापानं पाण्यासाठी जमीन दिली, मी ते पाणी नासवीन का?" ते मनापासून बोलतात, त्यांच्या घरीही हाच नळ आहे. मला अर्जबाजी करायची नाही, घरात फूट पडेल. पण ढीग पावसाआधी हलायला हवा. किती लांब? कोणी म्हणतं ५०० मीटरचा कायदा आहे, तो हाच का? आणि बाळाचं काय करू?

जुना भूजलवाला:
ताई, आधी बाळाचं. बाळासाठी हे पाणी, उकळूनसुद्धा, आजपासून बंद. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल, तुरटी, कँडलचा फिल्टर, कशानंच ते निघत नाही. आरओनं निघतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहायची ताकद यानं कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर एक तासही थांबू नका, दवाखाना गाठा. पावडर आरओच्या किंवा तपासून चांगल्या निघालेल्या पाण्यात करा, तेही उकळून गार केलेलं. जावेला अंगावर पाजणं मात्र सोडू देऊ नका.

आता विहीर. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. तुमच्याकडे वर काळी माती, उन्हाळ्यात वीतभर भेगा पडलेल्या, खाली मुरूम आणि मग चिरा पडलेला काळा पाषाण. पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून थेट मुरमात उतरतं. म्हणून ढीग किती लांब यापेक्षा कुठल्या अंगाला, हे आधी बघा. विहिरीला पाणी वरच्या अंगानं येतं, ढीग खालच्या अंगाला न्यायचा, ओढ्यालाही सोडून. खाली ताडपत्री, वरही ताडपत्री, भोवती मातीचा बांध.

५०० मीटरचा नियम खरा आहे, पण तो वेगळा. सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून (गावाच्या विहिरीसारख्या स्रोतापासून) तेवढ्यात नवी विहीर खणायला मनाई आहे. १९९३ च्या कायद्यात होता, २००९ च्या भूजल कायद्यातही आहे. खताच्या ढिगाला तो लावू नका, नाना एका वाक्यात खोडून काढतील.

कठड्याभोवती काँक्रीटचा ओटा आणि चर आहे का? नसेल तर वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच राखलेल्या) निधीत पिण्याच्या पाण्यासाठी वाटा आहे, ग्रामसभेत तो विषय घ्या. त्यानं कुणाचं नाव न घेता काम होतं.

मूळची सांगलीची, सध्या इंग्लंड:
इथे आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला विहीर, झरा किंवा बोअरपासून ५० मीटरच्या आत शेणखत-कोंबडीखत पसरायला बंदी आहे. ओढ्यापासून साधारण १० मीटर. तुमची माती-खडक वेगळे, पण नानांशी बोलताना धरायला एक आकडा होईल.

ऊसकरी, वाळवा:
नानांशी पाण्यावरून नको, पोत्यांवरून बोला. आडसालीला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी १६०. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोची पावणेआठ पोती. आपल्याकडे कोंबडीखत टाकूनही वर तेवढी पोती टाकतात, काही जण जास्तच. कोंबडीखतात नत्र शेणखतापेक्षा बरंच जास्त, ते हिशेबातून वजा करायचं. आणि लावणीला सगळं ओतायचं नाही. लावणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, मग १०, राहिलेलं ४० मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना). मुळं नसताना दिलेलं नत्र उसाला नाही, विहिरीला जातं.

ओढ्याकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाळासाठी शेजारच्या वाडीतून आरओचं पाणी सुरू केलंय.

काल किट घेऊन नानांच्या सोप्यात गेले. दोन नळ्या. एकीत वरच्या आळीच्या आडाचं पाणी, तिथं शेतच नाही. दुसरीत आपल्या नळाचं. दोन्हींत त्यांच्याच हातानं पूड टाकायला लावली. पहिली जेमतेम गुलाबी झाली, दुसरी जास्वंदीसारखी. नाना चष्मा लावून बराच वेळ तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या ट्रॉली लावतो. पण ते पोत्यांचं मला कागदावर मांडून दे."

ऊसकरी दादा, दोन एकर आहे, चार ट्रॉल्या खत, ठिबक नाही, माती परीक्षण कधीच केलेलं नाही. किती पोती कमी लिहू? ढिगाखालची काळी पडलेली वीतभर मातीही उचलावी लागेल का?