मदत हवी आहे: क्लासमध्ये मुलांचे प्रश्न घ्यायचे कधी?

धंतोलीकर
संध्याकाळची बॅच माझ्याकडे आहे. एक मुलगी सारखा हात वर करते. कालचा प्रश्न: "बुक्की मारताना दुसरा हात कमरेला का ओढायचा? तोंड उघडं पडतं ना?" उत्तर देत बसलं की मागच्या ओळी गप्पा मारतात. मोठे सर म्हणतात, प्रश्न बंदच करा. मला ते पटत नाही. पट्ट्याची परीक्षा तोंडावर आली आहे, लवकर सांगा.

सीताबर्डी_एक्सप्रेस
काय शिकवून राहिले भाऊ? कराटे की तायक्वांदो? शैली कोणती? मुलं किती, वयं काय, बॅच किती वेळाची?

धंतोलीकर
शोतोकान कराटे. मुलं ओळीत, माझ्या मोजणीवर हालचाली करतात. त्यानं काय फरक पडतो?

सीताबर्डी_एक्सप्रेस
पडतो ना बाप्पा! दहा पोरं असतील तर थांबून सांगता येते, चाळीस असतील तर नाही. आकडा सांगा.

धंतोलीकर
३४. वय आठ ते चौदा. एक तास. पांढरा ते नारिंगी पट्टा एकत्र.

जुना_काळा_पट्टा
मग मोठ्या सरांचंच बरोबर आहे. ओळ पुढे सरकत असताना एक पोर थांबलं की मागच्याची माए गेरी, म्हणजे समोरची लाथ, थेट त्याच्या पाठीत. आधी अंगात बसू द्या, डोक्यात आपोआप उतरतं. परंपरा तीच आहे.

ज्युदोवाली_ताई
दादा, मोजणी चालू असताना प्रश्न नको, हे मान्य. पण परंपरेचं नाव नका घेऊ. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. त्यांच्या ज्युदो शिक्षणात काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि रांदोरी (मोकळा सराव) यांच्या जोडीला कोगी म्हणजे व्याख्यान आणि मोंदो म्हणजे प्रश्नोत्तरं होतीच. कराटेतही इतोसू अंको यांनी १९०८ मध्ये ओकिनावाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून ते शाळांमधून शिकवण्याचा आग्रह धरला. शाळेतल्या मोठ्या घोळक्याला एकदम शिकवायला ही मोजणी सोयीची. सोय म्हणून ठेवा, धर्म म्हणून नको.

जुना_काळा_पट्टा
ताई, ३४ पोरांपुढे व्याख्यान देऊन दाखवा. शिस्त गेली की दुखापत आलीच.

मॅटवाला
दुखापतीवरून आठवलं, खाली काय आहे? सिमेंटवर पोरं नाचवू नका. कराटेला २५ मिमीचे जोडमॅट पुरतात, फेकाफेकी असेल तर ४० मिमी घ्या. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर पसरून ठेवू नका, कडा वाकतात आणि जोड बसत नाहीत.

धंतोलीकर
मॅट आहेत. प्रश्न कधी घेऊ, आणि त्या मुलीला काय सांगू?

रेशीमबाग_किहोन
आधी तिचं उत्तर. तोंड उघडं पडतं हे तिचं म्हणणं खरंच आहे, म्हणून कुमितेत, म्हणजे लढतीत, तो हात वर, छातीपुढेच राहतो. किहोन (मूळ हालचालींचा सराव) आणि कातात कमरेला येणारा हात रिकामा नाही, त्यात समोरच्याचं मनगट किंवा बाही धरलेली आहे. तोंडी सांगू नका, करून दाखवा. तिला जोडीदाराचं मनगट धरायला लावा. एकदा नुसती हळू बुक्की, छातीच्या वीतभर आधी थांबवून. मग तशीच बुक्की, पण धरलेला हात कमरेकडे ओढत. दुसऱ्या वेळी जोडीदार पुढे खेचला जातो, तोल जातो, आणि वीतभर राखलेलं अंतर संपतं. म्हणून हे सावकाशच करायचं. मग हेइआन शोदान या काताची चौथी हालचाल घ्या. तिथे पुढचा हात मागे खेचून गोल फिरवत वरून मुठीचा घाव येतो. पकडलेलं मनगट सोडवणं, असाच त्याचा अर्थ सहसा शिकवतात. हे एकदा कळलं की पोरं तो हात हवेत भिरकावत नाहीत, परीक्षेतही दिसतं.

आता वेळ. वॉर्मअपनंतर पाच मिनिटं, आणि काता झाल्यावर पाच. मधे सुचलेला प्रश्न पोरांनी लक्षात ठेवायचा, लहानांना जमत नसेल तर भिंतीवरच्या फळ्यावर एका शब्दात लिहायचा. दिवसाला दोनच प्रश्न घ्या, आणि अंगानं तपासता येतील असेच. "मागची टाच का टेकवायची?" हा चांगला: झेनकुत्सु दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) बुक्की रोखून उभं करा, जोडीदारानं मुठीवर सरळ दाब द्यायचा, आधी टाच उचलून, मग टेकवून. "ब्रूस ली जिंकला असता का?" हा घरी जाताना.

ज्युदोवाली_ताई
एक अपवाद मोठ्या अक्षरात लिहा. "दुखतंय" हा प्रश्न मोजणीच्या मधेही चालतो. झेनकुत्सुत गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे पडला की आतल्या बाजूला ताण येतो. गुडघा पावलाच्या रेषेत आणायचा, तरी दुखलं तर पवित्रा पाऊलभर आखूड करायचा, तरीही दुखलं तर बसवायचं. प्रश्न बंद केलेल्या क्लासात पोरं हेच सांगत नाहीत.

जुना_काळा_पट्टा
हे मान्य. पण दुखल्यावर हात वर करून ओळीतून बाजूला यायचं, जागेवर थांबायचं नाही. आणि मोजणी तुम्ही थांबवा, पोरानं नाही.

सीताबर्डी_एक्सप्रेस
बाकीचे ३३ काहून विचारत नाहीत, ते पाहा भाऊ. "समजलं का?" म्हटलं की सगळे "ओस", म्हणजे हो सर, म्हणतात, त्यातून काही कळत नाही. "गेदान बाराई (खालचा वार अडवणं) कुठे थांबते, दाखव" म्हणा. मूठ पुढच्या गुडघ्याच्या साधारण दोन मुठी वर हवी, किती जणांची मांडीवर टेकते ते लगेच दिसेल.

धंतोलीकर
उद्यापासून दोन वेळा पाच मिनिटं लावतो. मोठ्या सरांना मनगटाचंच करून दाखवतो, बोलून ऐकणार नाहीत. आणि मलाच उत्तर माहीत नसलं तर?

रेशीमबाग_किहोन
"शनिवारी सांगतो" म्हणा, फळ्यावरचा तो शब्द पुसू नका, आणि शनिवारी सांगाच. मनानं ठोकून दिलेलं उत्तर पोरं चुकीच्या हालचालीत वर्षानुवर्षं करत राहतात. परीक्षा किती तारखेला? कोणता पट्टा, ते अजून लिहिलं नाही तुम्ही.