मदत हवी आहे: जुना पीसी सारखा रीस्टार्ट होतोय, नवा जोडताना एएमडी प्रोसेसरचा सॉकेट एएम४ की एएम५?
नमस्कार मंडळी,

२०१५ साली स्वतः जोडलेला पीसी अजून वापरतोय: इंटेल आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम. मध्यंतरी एसएसडी टाकली तेव्हा त्यात नवा जीव आला होता. गेल्या महिन्यापासून मात्र डीटीपीची मोठी फाइल उघडली की आपोआप रीस्टार्ट होतो. धूळ साफ केली, थर्मल पेस्ट बदलली, रॅमच्या पट्ट्या आलटूनपालटून लावल्या, फरक शून्य. संशय एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटवर) आहे. घरच्या घरी तो कसा तपासावा?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, म्हणजे नवी जोडणी आलीच. रायझन ५ ५६००जी घ्यावा असं मनात आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार नाही. पण तो बसतो त्या जुन्या एएम४ सॉकेटवर पुढे फारशी वाट नाही. एएम५ घेतलं तर नंतर प्रोसेसर बदलता येईल, त्याला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमचा खर्च मात्र जड जातो.

बजेट ४० हजार, गेमिंग नाही. कॅबिनेट जुनीच ठेवणार (वडिलांनी घेऊन दिलेली, टाकवत नाही).

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय. अलीकडे कुणी अशी जोडणी केली असेल तर बोर्ड आणि एसएमपीएस कोणता घेतला, कृपया सांगाल का?